भावी होणाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन

वैशाखात पुतणीचं लग्न झालं. एरंडोलजवळच्या एका लॉनवर, ४४ डिग्रीत. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता आणि अक्षता पडल्या २ वाजून ५० मिनिटांनी. मधले सव्वादोन तास हाताला काम नव्हतं आणि पोटात अन्न नव्हतं, म्हणून मी विचार करत बसलो. आपल्या खान्देशात पुढारी होऊ पाहणारी पोरं उदंड, पण त्यांना धड शिकवणारं कोणी नाही. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. न विचारता शिकवायची खोड निवृत्त झाल्यावरही जात नाही. तेव्हा घ्या. फी नाही.

सगळ्यात आधी फ्लेक्स लावा. काम नंतर बघू, नाही केलं तरी चालतं. वाढदिवस गाठून चांगला १० बाय १५ चा लावा. फोटोत तुम्ही कानाला फोन लावून चालत येताना दिसले पाहिजेत. बसलेला माणूस आपल्याकडे रिकामटेकडा वाटतो आणि फोनवर नसलेला बेवारस. खाली टपाल तिकिटाएवढ्या चौकटींत ४० पोरांचे गॉगल घातलेले चेहरे. जागा निवडताना एसटीच्या वेळापत्रकाचा बोर्ड, डॉक्टरची पाटी नाहीतर वळणाचा आरसा, यातलं एक तरी झाकलं जाईल असं बघा, त्याशिवाय लोकांच्या लक्षात राहत नाही. आणि नावाच्या वर, नावाहून मोठ्या अक्षरात, ‘भावी’. भावी आमदार, भावी नगराध्यक्ष, भावी सभापती, काहीही. या पदाला निवडणूक नाही, मुदत नाही, आरक्षण नाही, अविश्वास ठराव नाही. आमच्या चौकातले एक भाऊ २००९ पासून भावी आहेत. विधानसभेच्या चार निवडणुका होऊन गेल्या, भाऊंचे केस गेले. फ्लेक्सवरचे मात्र अजून शाबूत आहेत.

पात्रतेची चिंता करू नका. पेपर वाचत असाल तर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. निवडणूक जवळ आली की मथळा येतो, ‘इच्छुकांची भाऊगर्दी’. मग ‘इच्छुकांच्या मुलाखती’ होतात, ‘इच्छुकांचे देव पाण्यात’ असतात, शेवटी ‘इच्छुक नाराज’ होतात. लायकांची भाऊगर्दी झाल्याचं मी ६३ वर्षांत वाचलेलं नाही. लायकांच्या मुलाखती कोणी घेत नाही, आणि लायक नाराज झाले तर त्याची बातमी होत नाही. इच्छा हीच पात्रता. केळीच्या ट्रकवर क्लीनर ठेवायचा तरी मालक दोन प्रश्न विचारतो, याआधी कुठं होता आणि का सोडलं. थेट निवडून येणाऱ्या सरपंचाला, तोही १९९५ नंतर जन्मलेला असेल तर, सातवी पास लागते. आमदार-खासदाराला तेवढीही नाही. मुलाखतीत विचारतात तो प्रश्न एकच आणि तो तुम्हाला माहीत आहे. उत्तर आकड्यात द्यायचं असतं.

मुलाखतीचीही दगदग नको असेल तर त्याहून सोपी वाट आहे. नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीत सरपंचपदाची बोली ४२ लाखांवर गेली होती. पैसा मंदिराला म्हणे. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथली निवडणूकच रद्द केली. त्याच वेळी शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची निवडणूकही रद्द झाली, पण त्यांची बोली २ कोटी ५ लाखांची होती. म्हणजे सिंचनात मागे, रस्त्यात मागे, आणि बोलीतही आपण मागेच.

जागा महिला राखीव निघाली तर खचून जाऊ नका, घरात बायको आहे. राज्यात स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा २०११ पासून बायकांच्या आहेत. फ्लेक्सवर तिचा डोक्यावर पदर, हात जोडलेले, आणि शेजारी तुम्ही तिच्या दीडपट. आमच्या ग्रामसभेत सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात आणि बाई आत चहाला दूध पुरतंय का ते बघतात. सही लागली की रजिस्टर आत जातं.

भाषणाची सुरुवात अहिराणीतून करा, शेवट हिंदी शेरानं. मधे मराठी असली-नसली तरी कोणी विचारत नाही. (रावेर-यावलकडे गेलात तर अहिराणी आवरा. तिथली बोली वेगळी आहे, लोक हसतात.)

पाडळसऱ्याच्या रखडलेल्या धरणाचा विषय निघाला तर पाणी प्या. फागणे-तरसोद महामार्गाच्या कामाचा निघाला तर फोन आला म्हणून उठा.

इतिहास मात्र सढळ हातानं वापरा. फैजपूर तर सोडूच नका. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, बांबू-तट्ट्यांचं ते नगर सजवायला आले होते नंदलाल बोस. एवढं पाठ करा, टाळ्या हमखास. साने गुरुजी त्या अधिवेशनासाठी खेडोपाडी हिंडले, हे मात्र सांगू नका. एखादा म्हातारा म्हणायचा, मग तुम्हीही हिंडा. तसा गुरुजींचा दाखला भाषणापुरता बरा, वागायला गैरसोयीचा. अमळनेरची चांगली मास्तरकी सोडून ते १९३० मध्ये सत्याग्रहात गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी खाली बसून ते उतरवून घ्यायचे. दुसरा बोलतोय आणि हा लिहून घेतोय! ना स्वागत, ना मनोगत, ना स्टेजवर खुर्ची. आजच्या हिशेबानं वाया गेलेला कार्यकर्ता.

आता लग्नं. हे नीट ऐका, कारण सगळी मेहनत इथंच फळाला येते.

मोठी तिथी असली की एका दिवसात १२-१४ लग्नं गाठायची. जेवायचं नाही, बसायचं नाही, आहेराचं पाकीट द्यायचं नाही. फक्त पोचायचं, आणि तेही उशिरा. वेळेवर पोचलात तर तुम्ही पाहुणे. उशिरा पोचलात तर पुढारी. म्हणून १२ वाजून ३५ च्या लग्नाला साडेबाराला फोन करायचा, ‘निघालोय’. तेव्हा तुम्ही दोंडाईच्यात असायला हरकत नाही. सव्वाला पुन्हा, ‘पारोळ्याला लागलो’. दीडला फोन उचलायचा नाही, म्हणजे तिकडे काळजी वाढते. स्टेजवर माईक घेऊन एक सूत्रसंचालक असतोच, तो सांभाळून घेतो. ‘आपल्या सर्वांचे लाडके, तडफदार, युवकांचे आशास्थान भाऊ अगदी पाच मिनिटांत आपल्यात येत आहेत, तरी वऱ्हाडी मंडळींनी जागा सोडू नये.’ आमच्याकडे हे वाक्य ११ वेळा झालं. मी मोजलं. दुसरं मोजायला होतं काय?

अंतरपाट धरायला दोन पोरं उभी होती, एक नववीतलं, एक सहावीतलं. पाऊण तासानं त्यांचे हात भरून आले. मग त्यांनी तो अंतरपाट घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि आइस्क्रीमच्या स्टॉलकडे गेली. नवरा-नवरी पाटावर समोरासमोर, हातात हार, मधे काहीच नाही. ज्यांनी एकमेकांचं तोंड अंतरपाट सरल्यावर बघायचं, ती दोघं दीड तास एकमेकांचा घाम पुसत होती. भटजींचं दुसरं लग्न तीनला धरणगावला होतं. ते दर दहा मिनिटांनी मोबाईलमध्ये बघायचे आणि माझ्याकडे बघायचे, जणू मीच भाऊंना लपवून ठेवलंय.

मुहूर्त! पत्रिकेवर १२.३५ छापण्यासाठी दोन्हीकडच्या लोकांनी तीन पंचांगं उघडली होती. गुण जुळवले, नाडी बघितली, मंगळ बघितला. सगळे ग्रह वळवले, आणि एक गाडी पारोळ्याहून वळेना तर सगळ्या ग्रहांना थांबवून ठेवलं.

मागे आचारी हातावर हात देऊन बसला होता. वरण-बट्टीचं जेवण, घोटलेली वांग्याची भाजी, गंगाफळ. बट्टी तुपात कुस्करायची ती गरम असताना. गार झाली की बोटं दुखतात, बट्टी मोडत नाही. ८०० माणसांची बट्टी परातीत दगड होत पडली. वाढपी पोरं सांगायला आली, ‘पंगत बसवू का?’ नवरदेवाचे काका म्हणाले, ‘भाऊ आल्याशिवाय नाही.’ काका ठेकेदार आहेत. जलजीवनच्या नळयोजनेच्या कामाचं बिल दीड वर्षापासून अडकलंय. म्हणजे लग्न माझ्या पुतणीचं, ऊन आमचं, उपास आमचा आणि बिल काकांचं.

आणि फुई. माझी फुई, म्हणजे आत्या, ७८ वर्षांची, साखरेची पेशंट. पत्रिकेतली वेळ बघून तिनं १२ ला इंजेक्शन घेतलं, कारण १ वाजता जेवण असं आम्हीच तिला सांगितलं होतं. दोनच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला. तो उन्हाचा नव्हता. हात थरथरायला लागले, नजर कुठेच ठरेना. ‘मन्हा जीव चालना रे भाऊ,’ एवढंच म्हणाली आणि माझ्या मनगटाला धरलं. जेवण बंद, स्वयंपाकघराच्या दाराशी काकांची माणसं. शेवटी माझ्या बायकोनं रुखवतातला मांडलेला लाडू उचलला, वरचं चकचकीत प्लास्टिक दातानं फाडलं आणि फुईच्या तोंडात कोंबला. तेवढ्यात माईकवर बारावं ‘पाच मिनिटांत’ झालं. मघाशी ११ म्हणालो, ते चुकलं.

तर, सूचना चालू होती. पोचल्यावर काय करायचं? पाठीमागे ३० माणसं घेऊन यायचं, म्हणजे स्टेजवर नवरी दिसत नाही. मग शाल-श्रीफळ, फेटा. मग तुमचं आशीर्वादाचं भाषण. ‘दोन्ही कुटुंबांशी माझे घरोब्याचे संबंध आहेत’ असं म्हणायचं आणि हातातल्या चिठ्ठीत बघून नवरीचं गाव चुकीचं सांगायचं. आमच्या एरंडोलच्या पोरीला भाऊंनी शिरपूरची कन्या केलं. तिचा बाप समोर हात जोडून उभा होता, तोही हसला. मग कापसाचा भाव, केळीचा विमा, आणि ‘येत्या काळात आपण संधी दिली तर’. सात मिनिटं. मग ड्रोन वर गेल्याची खात्री करून एखाद्या म्हाताऱ्याच्या पाया पडायचं. मग जायचं. मंगलाष्टकांना थांबायचं नाही! ज्यासाठी ८०० माणसं उपाशी ठेवली ते लग्न बघायचंच नाही. पुढचं लग्न थांबलेलं असतं.

असो. राग येऊन उपयोग नाही. मार्गदर्शन पूर्ण करतो.

राजकारणात जमलं नाही तर उद्योगात, सहकारात या. तिथं ‘चेअरमन’ हा शब्द नावाच्या आधी लागतो आणि मेल्यावरही निघत नाही. आपल्या भागात तसे काही नकोसे दाखले आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. जळगावचे भवरलाल जैन १९६३ मध्ये रॉकेल विकण्यापासून सुरू झाले; ठिबकपर्यंत जायला उभं आयुष्य लागलं. इतका वेळ कोणाकडे आहे? अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी निघाली. १९६६ मध्ये मालक अचानक गेले आणि २१ वर्षांचा मुलगा स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून त्या खुर्चीवर बसला. वार्षिक सभेत एक भागधारक उठला आणि तोंडावर म्हणाला, हे तुमच्यानं व्हायचं नाही, शेअर विका आणि जाणत्या माणसांच्या हातात कंपनी द्या. अझीम प्रेमजी हे पुढे स्वतःच सांगत आले, ते फार लागलं होतं म्हणून. तीच कंपनी म्हणजे विप्रो; पुढं तिचं काय झालं ते अमळनेरच्या शेअरवाल्या घरांना विचारा.

मला त्या कंपनीपेक्षा त्या उठलेल्या माणसाचं कौतुक वाटतं. तुम्ही मात्र तसला सभासद सभेला येऊ देऊ नका. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्यावीच लागते, तर ती गणपती विसर्जनाच्या आसपास ठेवा. नोटीस अशा पेपरात द्या जो फक्त नोटिशी छापण्यासाठी निघतो. ताळेबंद सभेच्या दारात हातात द्या, सोबत कचोरी. एका हातात कचोरी असली की माणूस पान उलटू शकत नाही. मग ‘विषय क्रमांक एक ते नऊ, मंजूर?’ ‘मंजूर!’ मी एका पतसंस्थेत अशा सात सभांना ‘मंजूर’ म्हणालो. तिथं माझे २ लाख ४० हजार होते. ‘होते’ म्हणतोय, व्याकरण बरोबर आहे. चेअरमन साहेबांचा फ्लेक्स याही वाढदिवसाला लागला.

पुरे झालं हे सूचना-सूचना.

अरे, तुम्हाला काय येतं? हा एक प्रश्न आहे, सरळ. खुर्ची पाहिजे, बरं. मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काय करणार? गावाच्या पाणीयोजनेचा कागद वाचता येतो का? अंदाजपत्रक म्हणजे काय, निविदा कशी निघते, तुमच्या तालुक्यात किती शाळा एकशिक्षकी आहेत, यातलं एक काही? नाही येत तर शिकायची तयारी? तीही नाही. फक्त ‘मला पाहिजे’. तीन वर्षांचं पोर जत्रेत फुग्यासाठी बसकण मारतं, त्याला आपण चापट देतो. तुम्हाला हार घालतो.

आणि घालतो कोण? तुम्ही-आम्हीच. ८०० माणसं होतो त्या मंडपात. डॉक्टर होते, दोन वकील होते, एक निवृत्त तहसीलदार होते. एकानं उठून ‘भटजी, चालू करा’ म्हटलं नाही. एकानंही नाही! पोटात कावळे ओरडत होते आणि आपण मोबाईलवर भाऊंचंच स्टेटस बघत होतो, कुठपर्यंत पोचले म्हणून. लायक माणसं का उभी राहत नाहीत म्हणून कट्ट्यावर बोंबलायचं, आणि घरातलं कोणी उभं राहतो म्हणालं की ‘तुला काय पडलंय’ म्हणून त्याला खाली बसवायचं. थू आपल्यावर.

माझ्यावरही. शाल कोणी घातली भाऊंना? मी. ‘सेवानिवृत्त मुख्याध्यापक’ असं माईकवर नाव आलं आणि फुईचा हात सोडून मी वर गेलो. ड्रोन वर गेल्यावर ज्या म्हाताऱ्याच्या पाया पडले तो म्हाताराही मीच. ‘सर, तुमच्यामुळं आहे मी,’ असं भाऊ म्हणाले, आणि ते खोटं बोलले नाहीत. चौथीत माझ्याच वर्गात होता तो. मॉनिटर नेमायचा दिवस आला की बाकावर उभा राहून ‘सर मी, सर मी’ करायचा. वर्गात त्याच्याहून शहाणी दोन पोरं होती, एक मुलगी तर फारच. तिनं हात वर केला नाही. मी यालाच केलं, कारण याचा आवाज मोठा होता. बोलणाऱ्यांची नावं हा फळ्यावर लिहायचा आणि दोन चिंचा मिळाल्या की पुसायचा. मला माहीत होतं. पण वर्ग गप्प राहायचा आणि मला माहितीचे तक्ते भरता यायचे. चार महिन्यांनी त्याच्या दप्तरात किलोभर चिंच निघाली, तेव्हाही मी हसलोच होतो.

तुळशीच्या लग्नानंतर माझ्या धाकट्याचं आहे. पत्रिकेचं प्रूफ काल प्रेसवरून आलं, टेबलावर पडलंय. व्याह्यांचा फोन येऊन गेला, ‘सर, प्रमुख उपस्थितीत भाऊंचं नाव राहिलंय बरं का, त्यांना कळलं तर बरं दिसणार नाही.’ मग माझ्या भावाचाही आला, तेच सांगायला. भाऊ म्हणजे तेच भाऊ. लाल पेन हातात घेऊन मी तासभर बसलो. मग प्रेसवाल्याला फोन केला, म्हटलं उद्या सांगतो. तोही माझाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा.

तो म्हणाला, ‘सर, मग तेवढी जागा सोडून ठेवू का?’